मनीची शू अडली तेव्हा

सई, निषाद,

तुमच्या घरी एक बोका येणार आहे असं मेधानं मला फोनवर सांगितलं. तुमच्या आईला लहानपणी मी कासवसुद्धा पाळू दिलं नव्हतं, त्यामुळे तिच्या तोंडून हे ऐकताना आधी हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र काळजी वाटायला लागली. म्हणून हे लिहायला बसले.

मनीच्या आजारपणाचे तुकडे तुम्ही ऐकलेत. पण कधी रेंज गेली, कधी आजोबा मध्येच बोलले, सलग हकिकत तुम्हाला कोणीच सांगितली नाही. ज्यांच्या घरात बोका आहे त्यांना ती सलग माहीत असायला हवी. औषधांची नावं आणि डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. घरात काय घडलं तेवढं सांगते. एक सूचना आधीच देऊन ठेवते. या हकिकतीत मनी सुरुवातीला ‘ती’ आहे आणि नंतर ‘तो’. लिहिताना चूक झाली असं समजू नका. सगळी गोष्ट तिथेच आहे.

नावाचा घोळ

सई, तुला आठवत असेल. तू सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात इथे आली होतीस आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तुला एक केशरी पिल्लू सापडलं. माझ्या धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून तू ते खाली आणलंस आणि जिन्यातच त्याचं नाव ठेवलंस, मनी. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी शेपटी वर करून पाहिली आणि म्हणाल्या, “मनी कसली? हा बोका आहे.” पुढे त्याचं नसबंदीचं ऑपरेशनही झालं.

आजोबांनी ‘मन्या’ असं नवीन नाव सुचवलं. पण तोवर उशीर झाला होता. मन्या म्हटलं की साहेब भिंतीकडे बघायचे आणि मनी म्हटलं की धावत यायचे. आणि एकदा तोंडातून मनी निघालं की पुढचं सगळं वाक्य त्याच्यामागून जातं. मनी आली, मनी झोपली, मनीनं पडदा फाडला आणि वर खिडकीत जाऊन बसली. तो बोका आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आपल्या बिल्डिंगमधल्या सत्तरीच्या गृहस्थांना अजून सगळे बाळ म्हणतात, तसंच हे.

“मनी आला का?” असं विचारणारा जगात एकच माणूस होता. निषाद, तो तू. तुझं मराठी तेव्हा असं होतं की दूध सांडली, पोळी संपला आणि मनी आला. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की मी दर वाक्याला तुला सुधारायची. “आला नाही रे, आली.” तू बिचारा “आली” म्हणायचास आणि पुढच्या वाक्यात पुन्हा “मग तो काय खाल्ला?”

मी एवढी कडक का, तेही सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही “ताक आंबट झाली” म्हणायची आणि तुमच्या पणजी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांचं हसणं थांबावं म्हणून मी मराठीतली लिंगं एकेक करून पाठ केली. असं कष्टानं शिकलेलं माणूस दुसऱ्याला सोडत नाही.

रंगकाम

तुम्ही नाताळात येणार म्हणून आम्ही घराला रंग द्यायचं ठरवलं. मनीचा वाळूचा ट्रे आपल्या बोळात, बेसिनखाली असायचा. तिथे तो आल्या-गेल्याच्या नजरेला पडायचा आणि मला ते कधीच आवडलं नव्हतं. रंगाचं निमित्त साधून मी तो मागच्या गॅलरीत हलवला, वॉशिंग मशीनच्या शेजारी. वरून एक छोटा पडदाही लावला. मला फार छान वाटलं. मनीला कसं वाटलं ते मी विचारलं नाही.

रंगारी दिवसभर शिड्या सरकवायचे आणि गाणी लावायचे. मनी आजोबांच्या कपाटावर चढून बसायची आणि ते गेल्यावरच खाली उतरायची. पाण्याची वाटी शिडीखाली गेली होती. कोरडा खाऊ तेवढा वर कपाटावर आजोबा पोचवायचे.

रविवारी रंगाऱ्यांना सुट्टी होती. सकाळी मनी ट्रेमध्ये जाऊन बसली. बराच वेळ बसली, उठली, वाळू उकरली, परत बसली. मग बोळात बेसिनखाली, आपल्या जुन्या जागी, नुसत्या फरशीवर जाऊन बसली. तिथून बाथरूमच्या जाळीवर. आणि बसल्या बसल्या एक आवाज काढायला लागली. तो म्याँव नव्हता. गंजलेलं दार हळूहळू उघडावं तसा आवाज होता.

समोरच्या फ्लॅटमधली वैशाली दही मागायला आली होती. तिचं माहेर निफाडकडचं, घरची द्राक्षबाग आहे, आणि माणसापासून वेलीपर्यंत सगळ्यांच्या दुखण्यावर तिच्याकडे उपाय असतो.

“काकू, मनी लय कुंथती हो. पोट नाय साफ झालं तिचं. कोमट दूध-तूप द्या. आमच्याकडं वासरालाबी देत्यात.”

“वासरू कुठे आणि मांजर कुठे,” आजोबा पेपरातून म्हणाले.

“काका, पोट ते पोट.”

मी दूध-तूप केलं. मनीनं वाटीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाळीवर जाऊन बसली.

शुद्ध मराठीत फोन

मी दवाखान्यात फोन केला. आपल्या मॅडम भाचीच्या लग्नाला सटाण्याला गेल्या होत्या. त्यांच्याकडे काम करणारे तरुण डॉक्टर फोनवर आले. त्यांनी मनीला कधी पाहिलेलं नव्हतं. आमचं बोलणं मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

“डॉक्टर, आमची मनी सकाळपासून सारखी वाळूत जाऊन बसतेय.”

“किती वर्षांची आहे?”

“आठ.”

“ऑपरेशन झालंय तिचं?”

“हो, लहानपणीच.”

“उलटी वगैरे?”

“नाही.”

“शू करतेय ना?”

“करतेय की. सारखी तिथेच तर बसलीय.”

“मग बहुतेक पोट कडक झालं असेल. पाणी पिऊ द्या. दूध-तूप वगैरे काही नका देऊ. उद्या सकाळी मॅडम आहेत, तेव्हा घेऊन या तिला. मधे काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा.”

मी समाधानानं फोन ठेवला. या संभाषणात व्याकरणाची एकही चूक नव्हती. माझी नाही आणि त्यांचीही नाही.

निषादचा प्रश्न

संध्याकाळी तुमचा कॉल आला. तुमच्याकडे दुपार होती, तुम्ही जेवत होतात. मनी जेवणाच्या टेबलाखाली बसून सारखी स्वतःला चाटत होती. नुकतीच तिला उलटी झाली होती आणि मी ती पुसून हात धुऊन आले होते.

“आजी, मनी काय करतो?” निषादनं विचारलं.

“करते. आजारी आहे ती. पोट बिघडलंय.”

“तो शू करतो?”

“करते रे. सारखी जाऊन बसते.”

“पण बसून शू येतो?”

“शू येते. ती शू.”

“बरं, ती शू. ती येते का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मी मनीला बसलेलं पाहिलं होतं. पुढचं मी धरून चालले होते. आजोबा उठून गॅलरीत गेले, पडदा बाजूला केल्याचा आवाज आला, आणि ते हातात वाळूचं फावडं घेऊन परत आले. त्यांचा चेहरा बघून सईनं खाणं थांबवलं.

“सकाळी मी साफ केली होती, तशीच आहे. ओल्या वाळूचा एक गोळा नाही. सगळी कोरडी.”

 मग निषाद म्हणाला, “मग तो कुठे शू केला?”

“तो नाही रे, ती...” इतकं मी सवयीनं बोलले आणि थांबले. कारण तो तोच होता. सगळ्या घरात बरोबर बोलणारा तू एकटा होतास, आणि मी डॉक्टरांना सकाळी ज्या मांजरीबद्दल सांगितलं होतं ती मांजरी आमच्या घरात राहतच नव्हती.

त्यानं काय फरक पडतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण चुकीची माहिती दिली गेली असेल तर ती दुरुस्त करायची, एवढी शिस्त मला आहे. मी पुन्हा फोन लावला.

“डॉक्टर, सकाळच्या बोलण्यात एक दुरुस्ती आहे. मनी हा बोका आहे. आणि वाळू दिवसभर कोरडी आहे. उलटी झालीय.”

पलीकडे डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. “बोका? काकू, आत्ता निघा. गॅसवर काही असेल तर बंद करा आणि निघा. मी दवाखाना उघडतो.”

द्वारकेवर

मनीला न्यायची पेटी रंगाऱ्यांच्या सामानाखाली कुठेतरी गाडली गेली होती. वैशालीनं द्राक्षाचे दोन प्लास्टिकचे क्रेट आणले. एकात टॉवेल घालून मनीला ठेवलं, दुसरा वरून उपडा घातला आणि तिनं सुतळीनं अशा गाठी मारल्या की माल सुखरूप परदेशी पोचला असता.

“जावा काकू. काय नाय होत तिला.”

“त्याला,” मी म्हणाले.

“आँ?”

“परत आल्यावर सांगते.”

आजोबांनी हेल्मेट घातलं. स्कूटर काढायचा त्यांचा विचार होता. क्रेट स्कूटरवर बसेना म्हणून आम्ही रिक्षा केली. जेल रोडवरून द्वारकेच्या चौकापर्यंत ते मांडीवर क्रेट धरून, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून बसले होते. मला ते दिसत होतं, पण सांगायचं सुचलं नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते घाबरले की प्लँटच्या भाषेत बोलतात. “हे बघ, आउटलेट चोक झालंय. आत भरत चाललंय आणि बाहेर जायला वाट नाही. प्लँटमध्ये असं झालं की...”

“की काय?”

त्यांनी क्रेट छातीशी धरला. मग म्हणाले, “काही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तिथे.”

द्वारकेला नेहमीसारखंच. बस, ट्रक, कांद्याचे ट्रॅक्टर, सगळे एकमेकांत अडकलेले. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं.

“काय हाय आजी क्रेटमधी? द्राक्षं?”

“बोका आहे. शू अडलीय त्याची.”

“आरं बापरे. माझ्या सासऱ्याचं बी तसंच झालं होतं. नळी टाकली, आता टकाटक हाय. गावभर फिरतो.” मग त्यानं डोकं बाहेर काढलं आणि समोरच्या बसवाल्याला असा आवाज दिला की क्रेटमधली मनीसुद्धा दचकली. “ओ मामा, घ्या ना जरा पुढं! पेशंट हाय गाडीत!”

बसवाल्यानं वाकून पाहिलं. त्याला हेल्मेट घातलेले आजोबा दिसले. काय समजला कोण जाणे, पण त्यानं बस पुढे घेतली.

बाकावर

तरुण डॉक्टरांनी मनीच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. आत मोसंबीएवढा टणक गोळा होता. ते मूत्राशय होतं.

त्यांनी थोडक्यात समजावलं. मांजरीची लघवीची वाट रुंद असते, ती सहसा तुंबत नाही. बोक्याची वाट फार अरुंद. बारीक कण आणि चिकट द्रव जमून तिला बूच बसतं. मग बाहेर जायचं ते रक्तात चढायला लागतं आणि त्याचा ताण हृदयावर येतो.

“म्हणजे सकाळपर्यंत थांबलो असतो तर?” मी विचारलं.

“थांबला नाहीत ना,” ते म्हणाले. “आता भूल देऊन नळी घालावी लागेल. या अवस्थेत भुलीत धोका असतो. तरीही करायलाच हवं.”

“करा,” आजोबा म्हणाले. हेल्मेटच्या आतून आवाज घुमला.

डॉक्टर मनीला घेऊन आत जाताना म्हणाले, “काकू, फोनवर तुम्ही मांजरी सांगितलीत.”

“मी मनी सांगितलं.”

“मीही नर की मादी हे विचारायला हवं होतं,” ते म्हणाले आणि दार लागलं. त्या वाक्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

बाकावर आमच्या शेजारी रिकामा क्रेट होता. त्यात टॉवेल आणि टॉवेलावर केशरी केस. मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवरच अडले, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. भीती अशी असते, मुलांनो. मोठ्यांनाही पाठ असलेलं आठवत नाही. आजोबा एकदाच बोलले. “सकाळी पेपर वाचताना मांडीवर आला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.” मी त्यांचा हात धरला. सत्तरी ओलांडल्यावर दवाखान्यात हात धरायला लाज वाटत नाही.

दार उघडलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते.

“काका, हेल्मेट काढलंत तरी चालेल. वाट मोकळी झाली.”

नळीचे दिवस

मनीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. लघवीला नळी, पायाला सलाईन आणि नळ्या ओढू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर. आजोबा त्या कॉलरला कर्णा म्हणायचे. “आज कर्ण्यातून काय घोषणा झाली?” असं विचारत ते पिंजऱ्याशी जायचे आणि मनी त्यांच्याकडे पाठ करायचा.

पाहिलंत? इथून पुढे मनी ‘तो’.

आम्ही सकाळ-संध्याकाळ जायचो. आणलेल्या पिशवीतून आजोबांचा न धुतलेला बनियन काढून पिंजऱ्यात ठेवायचो, कारण डॉक्टर म्हणाले होते की घरच्या माणसाचा वास जवळ असला की मांजर शांत राहतं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालण्यात माझं आयुष्य गेलं आणि उपयोगी पडला तो घामट बनियन.

बाकावर रोज तीच मंडळी भेटायची. सोनू नावाचा एक गलेलठ्ठ लॅब्रॅडॉर कानातल्या खाजेसाठी यायचा. त्याचे मालक सगळ्यांना सांगायचे की कान ठीक होतील, पण डॉक्टर याची बिस्किटं बंद करायला सांगतात, ते कसं जमायचं? राणी नावाची एक पांढरी झुपकेदार कुत्री दात काढायला आली होती. ती इतकी सुंदर होती आणि तिच्या तोंडाला इतका वास यायचा की तिचं कौतुक लांबूनच करावं लागायचं. एक काळं कुत्रं होतं, त्याच्या अंगावरचे गोचीड काढून झाल्यावर ते पहिल्यांदा शेपूट हलवायला लागलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पेशंटची काळजी असली की दुसऱ्याच्या पेशंटचा आनंद फार जवळचा वाटतो.

मॅडम सटाण्याहून आल्या. हातावर मेंदी अजून ताजी होती. मला बघताच म्हणाल्या, “बोक्याला मनी म्हणणाऱ्या आजी तुम्हीच ना?” पिंजऱ्यावरच्या पाटीवर त्यांनी ‘मनी’ आणि पुढे ठळक अक्षरात ‘बोका’ असं लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, “घरात अलीकडे काही बदल झाला का? पाहुणे, नवीन वस्तू, काही हलवाहलव?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. तुम्हाला खरं सांगायचं ठरवलंय म्हणून सांगते.

“तो ट्रे तूच हलवलास.”

“आणि कोरडा खाऊ वाटी भरभरून कपाटावर कोण पोचवत होतं? पाण्याशिवाय?”

“तुला घर प्रदर्शनासारखं लागतं.”

“आणि तुम्हाला मांजर देवासारखं. नैवेद्य दाखवला की झालं!”

त्यानंतर जेवण होईपर्यंत आम्ही बोललो नाही. मेधाचा फोन आला तेव्हा दोघांनीही तिच्याकडे तक्रार केली. ती म्हणाली, “आई, बाबा, पेशंट दवाखान्यात आहे. तुम्ही दोघं जरा पेशंटसारखं वागणं थांबवा.”

भांडण मिटलं ते असं. मी भांडी आवरून बोळात आले तर आजोबा गुडघ्यावर बसून ट्रे बेसिनखाली सरकवत होते, ताज्या रंगाला अगदी लावून. गॅलरीतला पडदा मी काढला होता आणि त्याची घडी माझ्या हातातच होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं.

क्रेट परत आला

नळी काढली. कर्ण्यासह मनीला त्याच क्रेटमधून घरी आणलं. निघताना मॅडमनी जे सांगितलं ते तुमच्या बोक्यालाही लागू आहे, म्हणून नीट वाचा. ओला खाऊ द्यायचा. पाण्याच्या वाट्या घरात ठिकठिकाणी ठेवायच्या, जेवणाच्या वाटीला चिकटून नको. ट्रे त्याच्या आवडीच्या जागी, तुमच्या नव्हे. रोज वाळू साफ करताना गोळे किती आणि केवढे हे डोळ्यांनी बघायचं. आणि बोका सारखा वाळूत बसतोय, पण वाळू कोरडी आहे असं दिसलं तर दूध-तूप नाही, मालिश नाही, उद्या सकाळही नाही. त्याच घटकेला डॉक्टर. फोनवर पहिलं वाक्य असं म्हणायचं, “आमचा बोका आहे.” नाव नंतर सांगा.

“आणि आता?” आजोबांनी विचारलं होतं.

“आता त्यानं स्वतःहून शू केली पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “काहींना पुन्हा अडते. मग पुन्हा नळी, आणि तरीही अडली तर मोठं ऑपरेशन. आज घरी लक्ष ठेवा. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर घेऊन या.”

त्या दुपारी आम्ही काय केलं असेल? आम्ही बोळात खुर्च्या टाकून बसलो. तुम्ही शाळेला सुट्टी असल्यानं कॉलवर होतात, फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. वैशाली क्रेट परत न्यायला आली आणि तीही बसली. मनी कर्णा घेऊन घरभर हिंडत होता आणि प्रत्येक चौकटीला थडकत होता. नव्या रंगावर ओरखडे उठत होते. मी बघत होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तो ट्रेमध्ये गेला. बसला. सगळे श्वास रोखून. उठला आणि बाहेर आला. वाळू कोरडी.

“काय झालं?” निषाद कुजबुजला.

“नाही झाली,” मी म्हणाले. आजोबा उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मनी पाणी प्यायला. कर्ण्यामुळे निम्मं सांडलं. मग पुन्हा बोळात आला, बेसिनखाली वळला, वाळू उकरली, गोल फिरला आणि बसला. त्यानं डोळे अर्धवट मिटले. आणि आवाज आला. बारीक, सरळ, न थांबणारा. पावशेर साखर हळूहळू कागदावर ओतावी तसा.

वैशालीनं माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. मनी उठला, व्यवस्थित वाळू लोटली आणि जणू काहीच झालं नाही अशा थाटात निघून गेला. आजोबा फावडं घेऊन धावले. वाळूचा गोळा त्यांनी आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांनी फोनसमोर धरला.

“लाडवाएवढा!” ते म्हणाले. “बघा, लाडवाएवढा!” आणि त्यांचे डोळे भरून आले. फावड्यामुळे त्यांना पुसता येईना. मी पदरानं पुसले.

“काकू, पेढे आणा आता,” वैशाली म्हणाली. “मनीला शू झाली म्हणून पेढे वाटणारे नाशकात आपणच पहिले.”

सई रडत होती आणि हसतही होती. निषाद एकदम गंभीर होता. त्यानं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड आणलं, इतकं की मला नुसतं नाकच दिसत होतं. वाक्य त्यानं फार विचार करून जुळवलेलं दिसत होतं.

“आजी, मनी बरी झाली?”

इतक्या वर्षांच्या माझ्या शिकवणीचं ते पहिलं फळ होतं. निर्दोष वाक्य.

“नाही रे,” मी म्हणाले. “मनी बरा झाला.”